घरच्यांची संमती

आजी: कडी लाव. वरचीही लाव.

सूचिन: आई, ढोलवाले अजून गल्लीच्या तोंडाशीच आहेत. गावचे सचिवसाहेब सिगारेट ओढतायत. आत्ताच दार लावलं तर लोक काय म्हणतील?

आजी: म्हणतील, म्हातारी दमली. तासभर उन्हात उभी राहून हसले, दमणार नाही? लाव दार. आणि रुओलान, तू इकडे ये. अशी समोर बस. आता तो लाल फलक मला पुन्हा वाचून दाखव. मघाशी तालुक्याच्या साहेबानं वाचला तेव्हा झांजा चालल्या होत्या.

रुओलान: तेच आहे गं, आजी. ‘सैनिक कौ रुओलान हिने तिसऱ्या श्रेणीचा सन्मान मिळवला. घराण्याची शान वाढवली.’

आजी: मधलं गाळलंस.

रुओलान: काय गाळलं?

आजी: मला वाचता येत नाही, पण ओळी दिसतात. तीन आहेत. तू दोनच वाचल्यास.

रुओलान: ‘संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, दक्षिण सुदान देशात, वैद्यकीय पथकात परिचारिका म्हणून काम करताना स्थानिक जनतेचा विश्वास जिंकला.’

आजी: सुदान. हे हार्बिनच्या कुठल्या अंगाला येतं?

सूचिन: आई, तुमच्यासाठी गरम पाणी आणते.

आजी: तू काही आणू नकोस, सूनबाई. तूही बस. रुओलान, मी विचारलं, हार्बिनच्या कुठल्या अंगाला?

रुओलान: हार्बिनच्या अंगाला नाही. आफ्रिकेत आहे.

आजी: अस्सं. मागच्या वर्षी आठ महिने तू उत्तरेला हार्बिनला प्रशिक्षणाला होतीस. मी तिथल्या थंडीसाठी लोकरीची विजार विणली, जांभळी, दुहेरी पदराची. डोळ्यांत पाणी येईपर्यंत विणली. कुठं आहे ती विजार?

सूचिन: माझ्या पेटीत आहे.

आजी: तुझ्या पेटीत. छान. आणि तिथं थंडी किती होती, पोरी?

रुओलान: चाळीस.

आजी: शून्याच्या खाली?

रुओलान: वर.

आजी: परत आलीस तेव्हा तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी करपून आलीस. मी विचारलं, हे काय? तू काय सांगितलंस?

रुओलान: आजी, जाऊ दे ना.

आजी: तोंडानं सांग.

रुओलान: बर्फावरून ऊन उलटतं आणि कातडी भाजते, असं सांगितलं.

आजी: आणि ते मी गावभर सांगत हिंडले. त्या गिरणीवाल्या शेनच्या बायकोला तर मी हात धरून समजावलं. म्हटलं, तुम्ही कधी गाव सोडलं नाही, तुम्हाला काय ठाऊक, उत्तरेचं ऊन खालून लागतं. ती तोंडाला रुमाल लावून हसत होती. मला वाटलं, दात दुखतोय.

सूचिन: तिला माहीत होतं, आई. तिच्या भावाच्या मोबाइलवर फोटो आला होता.

रुओलान: आई, तू कोणाच्या बाजूनं आहेस?

आजी: ती नेहमी दाराजवळच्या बाजूला असते, पळायला सोपं जाईल अशी. शेनच्या बायकोला ठाऊक. अजून कोणाकोणाला?

सूचिन: ह्यांना.

आजी: माझ्या मुलाला. दर रविवारी कामाच्या गावाहून फोन करून विचारायचा, ‘आई, जेवलीस का, गुडघा कसा आहे?’ गुडघ्याची चौकशी करत होता गुलाम. पुढं.

सूचिन: सचिवसाहेबांना. कागदावर शिक्का त्यांचाच लागतो ना. आणि डॉक्टरबाईंना. आणि झांजा वाजवणाऱ्या बायकांना, पण त्यांना गेल्या आठवड्यातच कळलं.

आजी: म्हणजे आज मी छातीवर हे लाल कापडी फूल लावून उभी होते, भोपळ्याएवढं, आणि समोर जमलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की मी कशासाठी हसतेय. फक्त मला माहीत नव्हतं. वर मी नाचले.

रुओलान: दोन पावलंच नाचलीस.

आजी: चार नाचले. चांगली नाचले. ते वेगळं. बरं, आता मला सांग, लपवलंत कशासाठी?

सूचिन: तुम्ही घाबराल म्हणून.

आजी: मी? पुराच्या साली डुकरीण आणि तिची सात पिल्लं घेऊन मी छपरावर दोन दिवस बसले, तेव्हा तुझा नवरा माझ्या पोटात होता. घाबरायला मला वेळ कधी मिळाला? दुसरं कारण सांग. खरं.

रुओलान: खरं सांगू?

सूचिन: रुओ, नको.

रुओलान: आई, आज नाही सांगितलं तर मग कधी सांगायचं? आजी, तो फलकाबरोबर फोटो दिलाय बघ. माझ्या डोक्यावर निळी टोपी आहे. त्या टोपीवर बिल्ला आहे.

आजी: मी मघाशीच पाहिला. निळ्यावर पांढरी पृथ्वी आणि दोन्ही बाजूंनी झाडाची फांदी.

रुओलान: तू ओळखलंस?

आजी: अक्षर ओळखत नाही म्हणून चित्रही ओळखू नये का? माझा थोरला भाऊ, गनशंगदादा, नदीपलीकडे कोरियात लढायला गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्याची वळकटी मी पुलापर्यंत धरली होती. त्याच्याबरोबर गेलेला लंगडा फू परत आला. त्यानं आमच्या अंगणात काठीनं मातीवर काढून दाखवलं होतं. म्हणाला, समोरच्यांच्या छावणीवर हे निशाण होतं. तुझ्या पणजीनं ते पायानं पुसलं. दुसऱ्या दिवशी तिथं कोबी लावला.

रुओलान: म्हणून सांगितलं नाही. तुला बंदुकीची भीती वाटणार नाही, हे मला ठाऊक होतं. ह्या टोपीचं मात्र वाईट वाटलं असतं.

आजी: हं.

सूचिन: आई, आता तरी पाणी आणू?

आजी: आण. आणि पीठ झाकून ये, सुकेल. (सूचिन आत जाते.) माझ्या सख्ख्या भावाला ज्यांनी मारलं त्यांची टोपी घालून तू औषधं वाटत होतीस.

रुओलान: आजी, त्या वेळी त्या मंडळात आपण नव्हतोच. आपल्या देशाच्या खुर्चीवर बेटावर पळून गेलेलं जुनं सरकार बसलं होतं. आपल्याला ती खुर्ची मिळाली त्याला आता पन्नास वर्षं होत आली.

आजी: म्हणजे वाडा तोच, वरची पाटी तीच, फक्त राहणारी माणसं बदलली.

रुओलान: बदलली नाहीत. आपली भर पडली.

आजी: आणि तिथं बसून आपली माणसं करतात काय?

रुओलान: बहुतेक वेळा सांगतात की दुसऱ्याच्या घरात घुसू नका. ज्याचं घर त्याचा कारभार.

आजी: हे सांगायला एवढ्या लांब जायचं? आणि सांगून पुन्हा तूच त्या सुदानवाल्यांच्या घरात.

रुओलान: त्यांनी बोलावलं म्हणून गेलो. तिथल्या सरकारनं हो म्हटल्याशिवाय आमचा एकही माणूस विमानातून उतरत नाही. आणि उतरल्यावरही बाजू कोणाचीच घ्यायची नाही. गोळी झाडायची ती फक्त स्वतःच्या किंवा ज्यांना सांभाळायला ठेवलंय त्यांच्या जिवावर बेतलं तरच.

आजी: बोलावलं कोणी?

रुओलान: म्हटलं ना, सरकारनं.

आजी: म्हणजे घरधन्यानं. आणि घरधनीच घरात काठी घेऊन फिरत असेल तर? मार खाणारीला कोणी विचारतं, की बाई गं, तुला कोणी यायला हवंय का?

रुओलान: नेहमी नाही विचारत.

आजी: नेहमी नाही, की कधीच नाही?

रुओलान: मी परिचारिका आहे, आजी. मला विचारतील त्या दिवशी सांगेन. पण तू म्हणतेस ते तिथं आम्हीही बोलायचो. जेवताना यावरून भांडणं व्हायची.

आजी: मला कोणी विचारायची गरज पडली नाही. शेजारच्या म्याओच्या पोरानं बायकोवर हात उचलला, त्या दिवशी मी लाटणं घेऊन सरळ आत. फाटक वाजवलंसुद्धा नाही.

सूचिन: पाणी घ्या, आई. त्या दिवशीचं पुढचंही सांगा ना तिला.

आजी: पुढचं काय?

सूचिन: म्याओची सूनच तुमच्या अंगावर आली. म्हणाली, आमच्या घरचं आम्ही बघू. झाडू घेऊन तुम्हाला गल्लीपर्यंत सोडलं. मी इथून खिडकीतून बघत होते.

आजी: बघत होतीस आणि आली नाहीस.

सूचिन: मला कोणी बोलावलं नव्हतं.

रुओलान: आई!

आजी: हसा, हसा. पण त्यानंतर तो पोरगा माझ्यासमोर मान वर करत नाही, हे विसरू नका.

सूचिन: तुमच्यासमोर नाही करत. घरात काय करतो ते कुठं कळतं. मात्र दोन महिन्यांनी ती स्वतः आपल्याकडे आली, रात्र काढली, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. नुसती गादी घातलीत. माझ्या मते तेच जास्त कामाला आलं. ती दुसऱ्या दिवशी माहेरी गेली आणि तो तिला आणायला गेला तेव्हा अख्ख्या माहेरासमोर त्याला कान धरावे लागले.

आजी: ह्या घरात आजकाल सगळ्यांना मतं फुटलीत. रुओलान, तुला मान मिळाला तो कशासाठी? निदान ते तरी सांग. लढलीस?

रुओलान: नाही.

आजी: कोणाला उचलून आणलंस?

रुओलान: नाही. बसले होते.

आजी: बसली होतीस.

रुओलान: एका फाटकाबाहेर. चार तास.

आजी: चार तास बसल्याबद्दल सरकार ढोल पाठवतं? मग मी इथं सत्तर वर्षं बसलेय.

रुओलान: ऐक तर. आमच्या दवाखान्यापासून दीड तासावर एक वस्ती होती. काट्यांच्या कुंपणाची अंगणं, आत गोल झोपड्या. एका घरात बाई दोन दिवस अडलेली. निरोप्या आला म्हणून आम्ही गाडी काढली. पोहोचलो तर फाटकात म्हातारी उभी. तिची सासू. हातात काठी. म्हणाली, परकं माणूस आत येणार नाही.

आजी: बरोबर आहे तिचं. आधी कधी परकी माणसं आली असतील, ती काही पाहुणचार घ्यायला आली नसतील.

रुओलान: तेच. आदल्या वर्षी दोन टोळ्या तिथून गेल्या होत्या. दोन्ही दार न वाजवता आत शिरलेल्या. आमच्या बरोबर संरक्षणाला दुसऱ्या देशाचे जवान होते. त्यांचा अधिकारी म्हणाला, काय थांबायचं, म्हातारीला बाजूला करा, बाई मरेल. आमचे फेइ डॉक्टर म्हणाले, घरानं हो म्हटल्याशिवाय आत पाय नाही. दोघांची चांगलीच जुंपली.

आजी: आणि तू?

रुओलान: मला दोघांचंही पटत होतं. आतून ओरडणं ऐकू येत होतं, आजी. मी टोपी काढली, चिलखत काढलं, फाटकाबाहेर जमिनीवर बसले.

सूचिन: चिलखत काढलंस? हे मला सांगितलं नव्हतंस.

आजी: सूनबाई, तुझी पाळी नंतर. मग?

रुओलान: म्हातारी आत जायची, बाहेर यायची, माझ्याकडे बघायची. दुभाषी पोरीला घेऊन मी तशीच बसलेले. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं विचारलं, तुला मूल आहे का? म्हटलं, नाही. लग्न? नाही. मग तुला बाळंतपणातलं काय कळतं? म्हटलं, बावन्न केलीत. तिला पटलं नाही. म्हणाली, तुझ्या घरात कोणाचं चालतं?

आजी: काय विचित्र प्रश्न.

सूचिन: आपल्या घरात विचारायची गरज नाही, म्हणून तुम्हाला विचित्र वाटतो.

रुओलान: मी म्हटलं, माझ्या आजीचं. ती म्हणाली, कशी आहे? मी सांगितलं. छपरावरच्या डुकरिणीची गोष्ट सांगितली, म्याओच्या घरची लाटण्याची सांगितली. दुभाषी पोरगी हसत हसत सांगत होती. मग म्हातारी माझ्यासमोर उकिडवी बसली.

आजी: लाटण्याची सांगितलीस. झाडूची सांगितलीस?

रुओलान: नाही.

आजी: बरं केलंस. मग?

रुओलान: मग तिनं विचारलं, तुझ्या आजीनं तुला इतक्या लांब येऊ दिलं?

आजी: काय सांगितलंस?

रुओलान: आजी.

आजी: काय सांगितलंस ते विचारतेय.

रुओलान: सांगितलं की तिनंच पाठवलं.

आजी: मी पाठवलं. बरं. पुढं?

रुओलान: म्हातारीनं काठी फाटकाला टेकवली. म्हणाली, अशा बाईनं पाठवलं असेल तर एकटी ये. बाकीचे बाहेर. मी आत गेले. मग थोड्या वेळानं तिनं स्वतःच फेइ डॉक्टरांना हाक मारली. मुलगी झाली. दोघी जगल्या.

सूचिन: बाई गं.

आजी: किती वर्षांची असेल ती?

रुओलान: तिलाही माहीत नव्हतं. तुझ्याएवढी दिसायची. तुझ्यासारखीच मान ताठ.

आजी: आणि मान ताठ ठेवून काय म्हणाली माझ्याबद्दल? निघताना काही म्हणाली असेल.

रुओलान: म्हणाली, लाटणं म्हणजे काय ते नीट कळलं नाही, पण बाई कामाची दिसते.

आजी: हं. कामाची. बरं. आणि चार तासांत ती सून मेली असती तर?

रुओलान: हे मी स्वतःला रोज विचारते.

आजी: उत्तर?

रुओलान: नाही मिळालं. मी आतल्या ओरडण्याकडे कान लावून होते. आवाज बसला असता तर उठले असते, असं मला वाटतं. नियम होता तरी. पण तसं झालं नाही, म्हणून खात्रीनं सांगता येत नाही.

आजी: फलकावर हे लिहिलंय?

रुओलान: नाही. फलकावर लिहिलंय, स्थानिक जनतेचा विश्वास जिंकला.

आजी: माझ्या नावावर जिंकला. आता दोघी नीट ऐका. तिथल्या सरकारला विचारल्याशिवाय तुम्ही विमानातून उतरत नाही. तिथल्या म्हातारीनं हो म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. बाई आत मरायला टेकली तरी बाहेर बसता, कारण घर तिचं. ह्याबद्दल मान मिळतो, ढोल वाजतात. आणि ह्या घरातून माझी नात तिकडे गेली, तेव्हा ह्या घरच्या म्हातारीला कोणी विचारलं?

सूचिन: कागदावर सही लागत होती, आई. ‘घरच्यांची संमती’ असं लिहिलं होतं. मी अंगठा दिला.

आजी: घरचे म्हणजे तू?

सूचिन: मीही घरचीच आहे. तीस वर्षं झाली.

आजी: ते खरं आहे. तू घरची आहेस. पण मला सांगून द्यायचा होतास.

सूचिन: तुम्ही नाही म्हणाला असता.

आजी: म्हणाले असते. चार दिवस जेवले नसते. तुला स्वयंपाकात नावं ठेवली असती. मग पाचव्या दिवशी हो म्हणाले असते. पण म्हणायला मिळालं असतं. आठ महिने मी हार्बिनची काळजी केली. रोज बातम्यांत हार्बिनला बर्फ किती पडला ते बघितलं. सगळी काळजी चुकीच्या गावावर घातली. तिचं आता कोण काय करणार?

रुओलान: चुकलं, आजी.

आजी: चुकलं ते कळलं ना? मग पुढचं. त्या फलकाच्या कोपऱ्याशी तुझा फोन सारखा थरथरतोय. मघापासून बघतेय. तू उचलत नाहीस. कोण आहे?

रुओलान: आमच्या तुकडीचे दू साहेब.

आजी: काय हवंय त्यांना?

सूचिन: सांगून टाक. आजच सगळं होऊन जाऊ दे.

रुओलान: पुढच्या महिन्यात नवं पथक जातंय. त्याच दवाखान्यात. जुनं कोणी तरी बरोबर हवं, ज्याला वस्त्या माहीत आहेत. माझं नाव घातलंय. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. यादी आज वर जाते. मी म्हटलं, ह्या खेपेला घरी विचारून सांगते.

आजी: फोन दे.

रुओलान: आजी, ते साहेब आहेत.

आजी: साहेब आहेत म्हणूनच. दे. ...कोण, दू साहेब का? मी घरची बोलतेय. ...घरची म्हणजे कोण म्हणजे? घरची. ...हो, ढोल आले होते. ढोल चांगले होते, झांजेवालीचा ताल चुकत होता. ...हो, मिळाला फलक. भिंतीला खिळा ठोकायचाय अजून. ...हे बघा, तुमच्या यादीचं मला कळलं, पण मला अजून कोणी काही विचारलेलं नाही. विचारलं की मग मी विचार करीन. अर्ध्या तासानं फोन करा. ...नाही, आत्ता नाही. तुम्हाला बाहेर थांबायची सवय असेल. ठेवते.

सूचिन: आई, तुम्ही साहेबांना असं बोललात.

आजी: हसला तो. भला माणूस वाटतो. आता, रुओलान, विचार.

रुओलान: आजी, मी जाऊ?

आजी: असं नाही. कुठं, किती दिवस, कोणाबरोबर, काय करायला. सगळं सांगून विचार.

रुओलान: दक्षिण सुदान. वाऊ नावाचं गाव आहे, तिथल्या तळावरचा दवाखाना. एक वर्ष. पथकात साठ-पासष्ट जण, त्यात आम्ही नऊ जणी. फेइ डॉक्टर पुन्हा आहेत. काम तेच. मलेरिया, हाडं, बाळंतपणं.

आजी: गोळ्या?

रुओलान: तळावर पहारा असतो.

आजी: मी पहाऱ्याचं विचारलं नाही.

रुओलान: चालतात. मागच्या खेपेला दोनदा रात्रभर वाळूच्या पोत्यांमागे बसलो होतो.

सूचिन: दोनदा? तू मला म्हणाली होतीस की फटाके वाजवतात. लग्नसराई आहे म्हणून.

आजी: घे. तुझ्याही वाट्याला हार्बिन आलं.

सूचिन: लग्नसराई म्हणाली होती, आई. मी म्हटलंही की आपल्यासारखीच माणसं आहेत बघा.

रुओलान: आई, चुकलं. तुझ्याशीही चुकलं. आता कोणाशीच खोटं बोलत नाही. म्हणून सांगितलं.

आजी: रडू नकोस, सूनबाई. निदान आपण दोघी आता एका जागी आलो. इतके दिवस तू उगाच माझ्यापुढं होतीस. रुओलान, तुला जायचंय?

रुओलान: हो.

आजी: का? मान तर मिळाला.

रुओलान: मानाचं नाही गं. तिथं गेल्यावर लोक फाटकात येऊन उभे राहतात आणि मला नावानं हाक मारतात. नाव धड येत नाही त्यांना, पण मारतात. नवी पोरगी गेली तर तिला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल. तेवढ्या वेळात आत कोण असेल काय माहीत.

आजी: हं. हे कारण आहे.

सूचिन: आई, त्या निशाणाचं?

आजी: निशाणाशी माझं भांडण आहे ते राहील. ते माझं आणि गनशंगदादाचं आहे. तुम्ही त्यात पडू नका. फोटो मात्र इथं मोठ्या खोलीत लागणार नाही. माझ्या खोलीत लावा. मला त्या टोपीकडे रोज बघावं लागेल, तेव्हा कुठं सवय होईल. फलक हवा तर मोठ्या खोलीत लावा, शेनच्या बायकोला बसल्या जागेवरून दिसेल असा.

रुओलान: म्हणजे?

आजी: म्हणजे काय म्हणजे. तिथं किती वाजलेत आत्ता?

रुओलान: आत्ता? इथं तीन वाजलेत. तिथं सकाळचे दहा.

आजी: पाच तास मागं.

रुओलान: हो.

आजी: मी पहाटे पाचला उठते. तेव्हा तिथं रात्रीचे बारा. तू झोपलेली.

रुओलान: बहुतेक वेळा.

आजी: उठतेस कधी?

रुओलान: सहाला. म्हणजे इथले अकरा.

आजी: म्हणजे अकरापर्यंत मला तुझं काही करायचं नाही. कोंबड्या, परसातला मुळा, गुडघ्याला तेल, सगळं नेहमीसारखं. बरं. सूनबाई, पुढच्या महिन्यापासून मला अकराच्या आत जेवायला वाढत जा. काळजी मी जेवून करीन.